आधी पाठ, मग पंख : तार आणि कापडातून माळढोक

गॅदरिंग आठवड्यावर आलं की मला येणारे फोन बहुतेक एकाच तक्रारीचे असतात. पोशाखाचे पंख खाली पडतात. घरी हँगरला लावून बघितले तेव्हा छान ताठ होते, पोराच्या पाठीवर चढवले की दोन मिनिटांत लोंबायला लागतात. मग कुणी जाड तार घालतं, कुणी बक्रमचा, म्हणजे ताठ अस्तराचा, अजून एक थर देतं. पंख आणखी जड होतात आणि आणखी झुकतात.

चूक बहुतेक वेळा पंखात नसतेच, पाठीत असते. तार कापडाला आकार देते, पण त्या तारेला धरून ठेवणारं काहीतरी अंगावर घट्ट बसलेलं लागतं. शर्टाच्या पाठीवर चार टाके घालून अडकवलेला पंख शर्टासकट ओढला जाणारच. म्हणून मी काम पाठीपासून सुरू करते, आणि या लेखातही तोच क्रम ठेवलाय.

नमुना म्हणून नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी माळढोकाचा पोशाख घेऊ. मोर आणि फुलपाखरू प्रत्येक शाळेत दिसतात. माळढोक मात्र आपला आहे. बार्शी रस्त्यावरच्या नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, आणि आज तो दिसणं इतकं दुर्मीळ झालंय की सोलापूरच्या पोरांनी त्याला निदान रंगमंचावर तरी ओळखावं असं मला मनापासून वाटतं. शिवाय शिकायला हा पक्षी उत्तम आहे. पसरट पंख, उंच मान आणि नराच्या गळ्याला लोंबणारी पिशवी, या तिन्हींसाठी तार तीन वेगळ्या रीतीने वापरावी लागते.

तार घेताना

गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, एवढं आधी डोक्यात पक्कं करा. १२ गेज म्हणजे साधारण २.६ मिमी, १४ गेज २ मिमी, १८ गेज १.२ मिमी, २२ गेज ०.७ मिमी. हार्डवेअरच्या दुकानात जीआय तार, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, किलोवर मिळते. १४ गेजची तार एका किलोत जवळजवळ ४० मीटर भरते, १८ गेजची शंभर मीटरच्या वर. एका पोशाखाला पाव-पाव किलो घेतली तरी उरते. मी पहिल्यांदा घ्यायला गेले तेव्हा दुकानदारांनी विचारलं, "कुंपणाला का, अक्का?" पंखांना म्हटल्यावर ते आत गेले आणि वेटोळं न विस्कटलेली, गंज नसलेली तार शोधून घेऊन आले. तशीच मागून घ्या.

सेंट्रिंगवाले गज बांधायला वापरतात ती काळी बाइंडिंग तार मऊ असते, सांधे बांधायला तिच्यासारखी दुसरी नाही. पण ती उघडी ठेवली तर गंजते आणि पांढऱ्या कापडावर तांबडे डाग उमटतात. ते डाग धुऊन निघत नाहीत, म्हणून ती नेहमी चिकटपट्टीखाली झाकायची. ॲल्युमिनियमची तार लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वजनाची असते, हाताने वळते, पण त्याच जाडीला तिचा ताठरपणाही एक तृतीयांशच असतो. मुकुट, पाकळ्या, कान यांना ती छान. पंखाच्या दांड्याला नको.

आणि एक तंगूस. मासेमारीचा हा नायलॉनचा दोरा तार नसला तरी या कामात तो हवाच. तार वाकवाल तशी राहते, तंगूस दाबला की उसळून पुन्हा जागेवर येतो. फ्रॉकच्या घेराच्या कडेला, झालरीला लाटा हव्या असतील तर तिथे तारेपेक्षा तंगूस घाला. पोरगी खाली बसली तरी झालर चेंगरून राहत नाही.

हत्यारं थोडीच लागतात: कटर असलेली पक्कड, निमुळत्या तोंडाचा प्लायर, छोटी कानस, कागदी आणि कापडी चिकटपट्टी, आणि डोळ्यांना चष्मा. चष्मा खरंच लावा. तार तोडताना कापलेला तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. तोडताना तो तुकडा दुसऱ्या हातात धरलेला असला पाहिजे.

तारेचा स्वभाव

वेटोळ्यातून निघालेली तार वेटोळ्याचीच गोलाई धरून असते. जिथे गोल कडं हवंय तिथे ती गोलाई तशीच वापरा, फुकटचं काम होतं. सरळ तार हवी असेल तर एक टोक खिडकीच्या गजाला बांधून दुसरं पकडीत धरा आणि अंगाचा भार देऊन एकदाच ओढा. बोटांनी दाबत दाबत सरळ करत बसलात तर तार नागमोडी होते आणि ती नागमोड कापडावर उमटते.

एकाच जागी तार पुढे-मागे वाकवली की त्या जागी ती आधी कडक होते आणि मग तुटते. म्हणून आकार आधी कागदावर काढायचा, वाकवायच्या जागी मार्करने खूण करायची आणि एकदाच वाकवायचं. वळण बाटलीवर किंवा डब्यावर घ्या. पकडीने काटकोनात मोडलेल्या ठिकाणी जस्ताला तडे जातात आणि गंज तिथूनच सुरू होतो.

आता जाड तारेचा मोह. जाडी दुप्पट केली की ताठरपणा सोळापट वाढतो हे खरं, पण वजनही चौपट होतं आणि ते लेकराच्या खांद्यावर येतं. उलट टोकाला तेवढाच भार ठेवून लांबी दुप्पट केली तर टोक आठपट खाली येतं. त्यामुळे मोठा पंख हवा म्हणून नुसती तार लांबवून भागत नाही. यावर माझा उपाय असा, की एक जाड तार घालण्याऐवजी मध्यम तार दुमडून तिच्या दोन पदरांत बोटभर अंतर ठेवायचं. केसात लावायच्या आकड्यासारखी, किंवा पिंपळाच्या पानाच्या बाह्यरेषेसारखी. हे दोन पदर कापडाने एकमेकांशी बांधले गेले की एकेरी तारेपेक्षा पंख कितीतरी स्थिर राहतो. आणि दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो: बाहेरच्या बाजूला तारेचं टोकच उरत नाही, गोल दुमड असते.

टोकांबद्दल मी इतकी आग्रही का, ते सांगते. काही वर्षांपूर्वी मी केलेल्या फुलपाखराच्या पंखाचं टोक नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळलेलं होतं. तालमीत घामाने पट्टी सरकली आणि मागच्या मुलीच्या गालावर, डोळ्याच्या जेमतेम दोन बोटं खाली, ओरखडा उठला. तो पंख माझ्या हातचा होता. त्या दिवसापासून नियम केला: मुलांच्या पोशाखात तारेचं प्रत्येक टोक पाठीकडे, कमरेजवळ आणायचं. तिथेही ते कानसीने घासून, सेंटिमीटरभर गोल वळवून, चिकटपट्टी लावून वर कापडाची टोपी शिवायची. यातली एकही पायरी गाळायची नाही.

पाठ

मुलाच्या पाठीचं माप घ्या. खांद्याच्या पात्यांच्या वरच्या कडेपासून खाली साधारण २२ सेमी आणि रुंदी १४ सेमी एवढा कॅनव्हासचा तुकडा दोनदा कापा. चारी बाजूंनी शिवणीची माया वेगळी धरा. दोन्हींच्या मध्ये जुन्या प्लास्टिकच्या कॅनचा सपाट तुकडा, कोपरे गोल करून घाला आणि कडेने दोन टिपा मारा. ही पाठपट्टी. अंगाकडच्या बाजूला टॉवेलचा तुकडा लावा. आपल्या गावात टॉवेलच्या कटपीसला तोटा नाही. टर्किश टॉवेल घाम टिपतो, आणि खडबडीत असल्यामुळे पट्टी शर्टावरून घसरतही नाही.

बांधायला तीन सेमी रुंदीची नवार घ्या. दोन पट्टे खांद्यावरून पुढे येऊन छातीवर फुली करतात आणि कमरेच्या पट्ट्याला मिळतात. कमरेचा पट्टा सगळ्यात महत्त्वाचा. पंख झुकतात तेव्हा पाठपट्टी पाठीपासून सुटायला बघते. कमरेला ती घट्ट असेल तर सुटत नाही. वेल्क्रो लावलात तर चांगला हातभर लांब लावा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलालाही बसेल.

पाठपट्टीच्या बाहेरच्या बाजूला, वरून उघडा राहील असा कॅनव्हासचाच खिसा शिवा, आतून १५ सेमी खोल. पंखांचा सांगाडा यात वरून सरकवायचा. कायमचे शिवलेले पंख घालून रिक्षात बसता येत नाही, आणि हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहापर्यंत पोराला चालवत नेणारं कुणी नाही.

पंख

दीड मीटर लांबीचा कागद जमिनीवर पसरून त्यावर सांगाड्याची बाह्यरेषा काढा. हात आडवे पसरून उभ्या राहिलेल्या माणसाची असावी तशी: मधे खाली उतरणारा दांडा, दोन्ही बाजूंना ६० सेमीचे हात. हाताचे दोन पदर खांद्याजवळ एकमेकांपासून चार सेमी अंतरावर, टोकाकडे दोन सेमीवर येऊन गोल वळलेले. सगळी बाह्यरेषा १४ गेजच्या एकाच तारेत होते, साधारण तीन मीटरमध्ये. सुरुवात आणि शेवट दोन्ही मधल्या दांड्याच्या तळाशी, म्हणजे खिशात जाणाऱ्या भागात. तिथे दोन टोकं सहा सेमी एकमेकांवर चढवून २२ गेजच्या तारेने दहा-बारा घट्ट वेढे द्या, वर एमसील भरा, सुकल्यावर चिकटपट्टी.

आता पिसांच्या काड्या. १८ गेजच्या सहा तारा, प्रत्येकी ९० सेमी. प्रत्येकीला मधोमध दुमडून आकडा करायचा आणि दोन्ही मोकळी टोकं पंखाच्या मुळाशी बांधायची, हाताच्या पंजाची बोटं पसरतात तशी तीन-तीन. सगळी मिळून तार सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरते. कापड, पाठपट्टी धरून अख्खा पोशाख पाऊण किलोच्या आत ठेवायचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी प्रत्येक टप्प्याला वजन करते.

कापडासाठी फार पैसे घालू नका. माळढोकाची पाठ भुरी-तपकिरी असते आणि सोलापूर हे गणवेश शिवणाऱ्यांचं गाव. खाकीचे कटपीस कुठल्याही शिलाईच्या कारखान्याबाहेर पोत्याने पडलेले असतात. विचारून घ्या, देतात. काळं सॅटिन आणि अस्तराचा मांजरपाट चाटी गल्लीत मिळेल. उभा धागा नेहमी पंखाच्या लांबीला धरा. धागा तिरका आला की कापड ओढलं जातं आणि पंख पिळवटतो.

तारेवर कापड चढवायच्या तीन रीती आहेत. पहिली नेफ्याची, परकराच्या नेफ्यात नाडी घालतो तीच. तीन सेमी रुंदीची पट्टी, दोन्ही कडा सात मिलिमीटर आत दुमडून कापडाच्या उलट बाजूला शिवा. राहिलेल्या पोकळीत १४ गेजची तार चिकटपट्टीसकट आरामात जाते. वळणाच्या जागी पट्टी उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेली हवी. सरळ पट्टीला वळणावर चुण्या पडतात आणि तार अडकते. सांगाड्याचा सांधा नेफ्यात तार ओवल्यानंतर बांधायचा, आधी नाही. हे विसरलात तर सगळं उसवावं लागेल.

दुसरी रीत मशीनची. २० गेज किंवा त्याहून बारीक तार कापडाच्या कडेला ठेवून वरून झिगझॅग. सुई तारेच्या दोन्ही बाजूंना पडतेय का ते आधी चाक हाताने फिरवून बघा. वळणावर तर पूर्णवेळ हातानेच फिरवा. सुई तारेवर आदळली की तुटते आणि तुकडा वर उडतो. पुन्हा चष्मा.

तिसरी रीत हाताची, आणि माळढोकाच्या काड्यांना मी तीच वापरते. दुहेरी दोरा मेणावरून ओढून घ्या. कापडाची कड तारेभोवती गुंडाळून काजटाका घालत जा, अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर. सुई कापडातून, दोरा सुईच्या मागून, आणि ओढताना गाठीची वेणी तारेच्या अगदी कण्यावर बसवायची. दर दहा टाक्यांनी कापड काडीवर सरकतं का ते चिमटीत धरून बघा. सरकलं तर तिथे दोरा तारेभोवती दोनदा फिरवून घट्ट करा. एका पंखाला एक संध्याकाळ जाते. पण हा टाका एका जागी तुटला तरी पुढचा सुटत जात नाही, आणि ऐन कार्यक्रमात तेच कामाला येतं.

हॉट ग्लूवर मात्र विसंबू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पोशाखाचा ग्लू मऊ पडून कापड सुटतं. पिसं, टिकल्या चिकटवायला ठीक, भार धरायला टाकाच.

पंखाची खालची कड बिनतारेची सोडा. तिथे खाकी, काळे आणि पांढरे पिसांच्या आकाराचे तुकडे कौलांसारखे एकावर एक शिवायचे, खालची ओळ आधी. मूल हलेल तेव्हा हेच तुकडे हलतात आणि पंखात जीव येतो.

मान

पहिला विचार येतो तो टोपीवर मान उभी करण्याचा. तसं करू नका. मूल मान वळवेल तशी ती अख्खी झुलते, आणि पाचव्या मिनिटाला पोराचा एक हात नाचायचं सोडून टोपी धरायला जातो. मानसुद्धा पाठीवरच उभी करा, मुलाच्या डोक्यामागे.

१४ गेजची १४० सेमी तार उलट्या यू आकारात दुमडा. दोन्ही पाय त्याच खिशात, पंखांच्या दांड्याच्या मागे उतरतात, आणि टोकंही तिथेच संपतात. यू मागेपुढे हलतो म्हणून पंखांच्या आडव्या तारेशी तो दोन ठिकाणी नवारीच्या पट्टीने बांधायचा. त्यावर १८ गेजची चार कडी, खाली १४ सेमी व्यासाचं, वर येता येता ८ सेमीचं. त्यावर पांढऱ्या टॉवेलची नळी चढवा. टर्किशचे फासे दुरून थेट पिसांसारखे दिसतात, यासाठी मी दुसरं काही वापरतच नाही. डोकं फोमचं, माथ्याला काळी टोपी, चोच खाकी कॅनव्हासची आणि आत दुमडलेली ॲल्युमिनियमची तार. छातीवर आडवा काळा पट्टा घ्यायला विसरू नका, माळढोकाची ती ओळख आहे.

गळ्याची पिशवी

मादीला बोलावताना नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती लोंबत खाली येते, शेपूट पाठीवर चढतं. मुलांना हे दाखवायला फार आवडतं. खरी पिशवी मानेची, आपण ती गळपट्टीला पुढून टांगतो.

मी आधी स्प्रिंगसारखी एकच तार गुंडाळून पाहिली. दोरी ओढली की ती एका अंगाला तिरपी होते. मग आकाशकंदिलासारखी वेगवेगळी कडी घातली आणि सरळ उचलली जायला लागली. १८ गेजची सहा कडी करा: वरची दोन १० सेमी, पुढची दोन १२, खालची दोन १४. प्रत्येक कड्याची टोकं तीन सेमी एकमेकांवर चढवून बांधा आणि झाका. पांढऱ्या सॅटिनच्या पिशवीत ती सहा-सहा सेमी अंतराने काजटाक्याने बसवा. प्रत्येक कड्याच्या आत पुढे एक, मागे एक असे दोन छोटे दोऱ्याचे फास शिवा. तंगुसाचे दोन दोरे तळाच्या कड्याला बांधून फासांतून ओवत वर घ्या, गळपट्टीजवळ दोन्हींची एकच गाठ मारा आणि तो दोर बाहीतून मुलाच्या मुठीत द्या. मूठ ओढली की पिशवी गोळा होऊन वर जाते, सैल सोडली की स्वतःच्या वजनाने लोंबते. अडखळत असेल तर तळाच्या कड्याला १४ गेजचं दुसरं कडं जोडा, तेवढं वजन पुरतं.

तंगुसाचा फास मुलाच्या मानेभोवती कुठूनही जात नाही ना, हे स्वतः बघा. गळपट्टी वेल्क्रोची ठेवा, म्हणजे ओढ बसली की ती आपोआप सुटते.

चढवून बघताना

कार्यक्रमाच्या किमान चार दिवस आधी मुलाला पूर्ण पोशाख घालून दहा मिनिटं नाचू द्या. आरशासमोर उभं करून नव्हे, खरंच नाचवून. उड्या, गिरक्या, खाली बसणं. मग पोशाख काढून खांदे आणि कंबर बघा. लाल वळ दिसला तर तिथे टॉवेलची आणखी एक घडी. त्यानंतर डोळे मिटून सगळ्या पोशाखावरून तळवा फिरवा. डोळ्यांना न दिसलेलं टोक तळव्याला लागतं.

दाराच्या रुंदीचा आणि विंगेतल्या गर्दीचा विचार करून मुलाला हात खाली घेऊन आडवं चालायला शिकवा. नाचात कुठे समई किंवा निरांजन असेल तर माळढोकाची जागा तिच्यापासून लांब ठेवा. सॅटिन पटकन पेटतं.

कार्यक्रम झाल्यावर पंख आणि मान खिशातून काढा. कापड ओल्या फडक्याने पुसा, बादलीत बुडवू नका. घाम लागलेली पाठपट्टी तेवढी धुऊन सावलीत वाळवा. सांगाडा भिंतीला टेकवून ठेवला तर वर्षभरात वाकतो, म्हणून दोन खिळ्यांवर आडवा टांगा, वर जुनी चादर टाका. पुढच्या डिसेंबरात काढाल तेव्हा आधी सांध्यांची चिकटपट्टी सोडून बघा. खाली तांबडी भुकटी दिसली तर ती बांधणी कापून टाका आणि नवी करा.